डॉर्कसचा वॅफ

वॅफ म्हणजे भूत नव्हे. हे आधी डोक्यात पक्कं करा, मग पुढचं ऐका. भूत मेलेल्या माणसाचं असतं, आणि आमच्या स्केलविकमध्ये भुताला कुणी भीक घालत नाही. वॅफ असतो जिवंत माणसाचा. तुम्ही इकडे चुलीपाशी मासळी साफ करताय आणि तिकडे धक्क्यावरही तुम्हीच उभ्या आहात, तेच कपडे, तीच चाल, तर तो तुमचा वॅफ. तो दिसला की समजायचं, आपलं बोलावणं आलं.

हा शब्द यॉर्कशरच्या आमच्या किनाऱ्यावरच राहिलाय. उन्हाळ्यात लंडनकडून चित्रं काढायला माणसं येतात, त्यांच्या इंग्रजीत असला शब्दच नाही म्हणे. मग त्यांचे वॅफ त्यांना भेटतात तेव्हा ते बिचारे काय म्हणत असतील, देव जाणे. आमच्याकडे शेंबडं पोरही वापरतं. कुणी तापातून उठलेला, पांढराफटक दिसला की म्हणायचं, "काय रे, वॅफ बघून आलास का?" पण खरोखर कुणाचा दिसला असेल, तर त्याच्या तोंडावर हा शब्द काढायचा नाही. "तुझ्याकडे कुणीतरी आलं होतं," एवढंच म्हणायचं. आणि माणूस मेलं की शब्दही संपला. मेलेल्याचा वॅफ नसतो.

त्यावर उपाय एकच, तोही फुकटचा. शिव्या घालायच्या. ज्याचा वॅफ त्यानंच घालायच्या, दुसऱ्यानं मध्ये पडायचं नाही. माझ्या बापाला त्याचा वॅफ जाळ्यांच्या माळ्यावर भेटला होता, बापाच्याच तिवईवर बसून बापाचीच चिलीम ओढत. बाप जो सुटला! "काय रे ऐतखाऊ, तुझी ही हिंमत? ऊठ आधी तिथून! चल, नीघ, घरी जा!" सगळ्या बंदरानं ऐकलं. वॅफ ओशाळला, टोपी कपाळावर ओढून जिना उतरून गेला. बाप त्यानंतर ऐंशी ओलांडून मेला, तोही बिछान्यात. आमच्या घराण्यात तोंडाचा पट्टा असा पिढीजात आहे. म्हणून तर वॅफची भीती आम्हाला कधी वाटलीच नाही.

डॉर्कस आमच्या घराण्यातली नव्हती. माझा धाकटा भाऊ रूबेन, त्याची ती बायको. वरच्या माळरानावरच्या मेंढपाळांची पोर. तिथं मैलभर माणूस दिसत नाही, त्यामुळे बोलायची सवय नाही, आणि भांडायची तर मुळीच नाही. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, ही सोंग करते. इतकं गरीब कुणी असतं का? खुर्चीला पाय लागला तर खुर्चीला म्हणायची, "चुकलं हं." अंडं काढताना कोंबडीची परवानगी घ्यायची. रूबेन सांगायचा, ही झोपेतसुद्धा माफी मागते. मी म्हणायचे, "अगं पोरी, एवढं वाकशील तर लोक पाठीवरून चालत जातील." ती म्हणायची, "घाईत असतील बिचारे."

आमच्याकडे एक रीत आहे. समुद्रावर निघालेल्या पुरुषाला वाटेत बाईचं तोंड दिसलं की तो उलट्या पावली घरी येतो, त्या दिवशी होडी लोटत नाही. म्हणून तशा वेळी गल्लीत असलो तर आम्ही बाया भिंतीकडे तोंड करून उभ्या राहतो. पुरुष गेले की वळायचं आणि आपल्या कामाला लागायचं. डॉर्कसनं ही रीत अशी उचलली की पाववाला आला तरी भिंतीकडे तोंड, शाळेतली पोरं आली तरी भिंतीकडे तोंड. गल्ली हसायची. मीही हसायचे.

पण माझा तिच्यावर जीव होता. एकदा गळ माझ्या हातातून आरपार गेला आणि हात सुजून भोपळा झाला, तेव्हा महिनाभर माझ्या वाटणीच्या गळांच्या दोरीलाही हिनंच आमिष लावलं आणि कुणाला कळू दिलं नाही. टेबलाशी बसून शिंपल्या सोलायच्या, एकेका गळाला लावायच्या. लावताना ती मेंढरं मोजतात तशी गळ मोजायची, त्यांच्या माळावरच्या बोलीत, पुटपुटत. यान, टान, टेदरा... माझं लग्न झालं नाही, बहीण नाही. ते पुटपुटणं ऐकत मला झोप लागायची. इतकं सुख मला दुसऱ्या कशानं दिलं नाही, हे मी तिला कधी बोलले नाही.

रूबेन हेरिंग मासळीच्या हंगामाला दक्षिणेकडे गेला होता तेव्हाची गोष्ट. ऑक्टोबर. दुपारीच समुद्रावरून धुकं चढलं होतं. डॉर्कस झऱ्यावर पाण्याला गेली आणि रिकामी बादली घेऊन परत आली.

"पाणी कुठाय?"

"झऱ्यावर कुणीतरी होतं. म्हटलं, त्यांचं होऊ दे आधी."

"मग थांबायचं ना. कोण होतं?"

ती ॲप्रनची टोकं पिळत राहिली. मग म्हणाली, "मीच."

"काय म्हणालीस?"

"माझीच टोपी, माझाच निळा घागरा. वळून माझ्याकडे बघितलं तिनं. सरळ बघितलं. मला कसंतरीच झालं गं, मग मी भिंतीकडे वळले."

"आणि तू काय म्हणालीस तिला?"

"म्हटलं, तुम्ही भरून घ्या."

देवा रे! मी कपाळावर हात मारून घेतला. "अगं येडे! जगात स्वतःच्या मरणाला रांगेत पुढं सोडणारी तूच पहिली!" मी घाबरले होते, म्हणून जास्तच ओरडत होते. ती म्हणाली, "चुकलं माझं." मी म्हटलं, "हे मला नको सांगूस! हे बोलायची सवयच तुझा जीव घेणार आहे."

तिला ओढतच थीकर आजीकडे नेलं. थीकर आजी म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. जन्म-मरणाचं सगळं तिला विचारायचं. आजी स्वेटर विणत होती, विणता विणताच म्हणाली, "तीनदा येईल. दर वेळी जवळ येईल. तिसऱ्यांदा तुझ्या दारात असेल. तोवर झाडलंस तर म्हातारी होऊन मरशील. नाहीतर काही खरं नाही, पोरी."

"मला झाडता नाही येत, आजी," डॉर्कस म्हणाली.

"नाही येत म्हणजे? तोंड आहे ना? नणंद आहे ना घरात? शीक."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात शाळा भरली. मी केरसुणी उलटी उभी केली, तिला डॉर्कसची जुनी झालरीची टोपी घातली आणि म्हटलं, "हा तुझा वॅफ. घाल शिव्या."

डॉर्कस केरसुणीसमोर उभी राहिली. घसा साफ केला. म्हणाली, "तुम्हाला त्रास होणार नसेल तर..."

"होऊ दे त्रास! त्यासाठीच चाललंय सगळं! अगं, टोपीतली केरसुणी आहे ती, राणी नाही इंग्लंडची!"

आम्ही दोघी हसून हसून खाली बसलो. पण मी सोडलं नाही. रोज दुपारी तिच्याकडून घोकून घेतलं. वाक्यं माझीच. "काय गं टवळे, इथं काय काम तुझं? हे घर माझं, हे दार माझं! लाज नाही वाटत दुसऱ्याच्या उंबऱ्यात उभी राहायला? चालती हो! जा, घरी जा!" मी हे सगळ्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणायचे, आणि डॉर्कस माझ्यामागून म्हणायची, मांजराच्या पिल्लासारखं. एकदा शिकवणी चालू असताना भिंतीपलीकडे धुक्यात कुणाची तरी टोपी दिसली. शेजारची कुणी मजा बघत असेल, म्हटलं बघ बाई. मी आणखीच आवाज चढवला.

मग रविवार आला. चर्चमध्ये आमची जागा ठरलेली, तिसऱ्या बाकावर, भिंतीच्या बाजूला. मी जरा उशिरा पोचले, डॉर्कस आधीच बसली होती. मी तिच्याशेजारी बसले. भजनाचं पुस्तक दोघींत एकच, ते आम्ही अर्धं अर्धं धरलं. भजन सुरू झालं आणि डॉर्कस मोठ्यानं गायला लागली. मोठ्यानं! दर रविवारी नुसते ओठ हलवणारी बाई! मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. म्हटलं, शिकवणी लागू पडली. मी तिला कोपरानं ढोसलं, "शाब्बास." ती माझ्याकडे बघून हसली. श्वासाला ओल्या दगडाचा वास होता. धुक्यातून आली असेल, म्हटलं.

दुसऱ्या कडव्याला मी सहज मागे बघितलं. अगदी शेवटच्या बाकाच्याही मागे, दाराजवळ, डॉर्कस भिंतीकडे तोंड करून उभी होती.

पुस्तकाचं अर्धं माझ्याकडे होतं. दुसरं अर्धं कुणीतरी घट्ट धरलेलं होतं. वळून बघायचा मला धीर झाला नाही. मी, केझाया स्टॉर, जिला पोलीसही टरकून असतो, ती मी भजन संपेपर्यंत पुस्तकातल्या एकाच ओळीकडे बघत बसले. मग पुस्तक एकदम जड झालं, आणि शेजारी कुणी नव्हतं.

"तू बोलली का नाहीस गं?" घरी आल्यावर मी तिला गदागदा हलवलं. "तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस?"

"ती बसली होती आधी. उठवायचं कसं? तूही तिच्याशी हसत होतीस. म्हटलं, तुला बरं वाटतंय."

मी रडले. तिच्या समोर, पहिल्यांदाच. म्हटलं, "डॉर्कस, मला दुसरं कुणी नाही. रूबेन काय, आज इथं, उद्या समुद्रावर. तू गेलीस तर मी ह्या टेबलाशी एकटी बसू का? माझ्यासाठी एकदा ओरड. आयुष्यात एकदा." ती माझे डोळे पुसत राहिली. म्हणाली, "ओरडेन. तुझ्यासाठी ओरडेन, केझाया." आणि ती खोटं बोलणारी नव्हती.

तिसरी वेळ लगेचच आली. संध्याकाळ होती, दिवा नुकताच लावला होता. धुकं इतकं की खिडकीच्या काचेला कापूस चिकटवलाय असं वाटावं. डॉर्कस कोळसा आणायला बादली घेऊन बाहेर गेली. मी शिंपल्या सोलत होते. दाराबाहेर तिची पावलं ऐकली, परत येताना. मग पावलं थांबली. मग दुसरी पावलं ऐकली. ती पण तिचीच.

मी उठले आणि खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. मध्ये पडायचं नाही, हा नियम. बाहेर काहीच ऐकू येईना. मी मनातल्या मनात ओरडत होते, बोल गं, बोल माझे बाई, बोल.

आणि ती बोलली. काय आवाज तो! खिडकीची काच थरथरली. "काय गं टवळे, इथं काय काम तुझं? हे घर माझं, हे दार माझं! लाज नाही वाटत दुसऱ्याच्या उंबऱ्यात उभी राहायला? चालती हो! जा, घरी जा!" एक शब्द चुकला नाही, कुठं अडखळली नाही. गल्लीतली दारं धडाधड उघडली. पलीकडून थीकर आजी ओरडली, "शाब्बास गं पोरी!" मी तर देवाचे आभार मानायला लागले. त्या गडबडीत मला पावलं ऐकू आली, हळूहळू लांब जाणारी, बंदराकडे.

दार उघडून डॉर्कस आत आली. गाल लाल झालेले. माझ्या खुर्चीत बसली. "चहा टाक," म्हणाली. मी हसत, रडत चहा टाकला. माझ्या खुर्चीत ती कधी बसली नव्हती, पण म्हटलं, आज तिला सिंहासनसुद्धा शोभेल.

सकाळी बाहेर बघितलं तर कोळशाची बादली भिंतीला लावून ठेवलेली होती. काठोकाठ भरलेली, आणि कडी आत वळवलेली, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून.

त्यानंतर गल्लीला डॉर्कसचं कोण कौतुक! मासळीच्या व्यापाऱ्याशी असं भांडली की त्यानं भाव वाढवून दिला. पुरुष आले तरी भिंतीकडे वळेना. सरळ बघायची. दोन होड्या त्यापायी लोटल्याच गेल्या नाहीत, पण तिला टोकायची कुणाची छाती झाली नाही. नोव्हेंबरच्या अखेरीस रूबेन आला, बायकोचा नवा थाट बघून पोट धरधरून हसला. "केझाया, हिला काय शिकवून ठेवलंस गं? माझी मेंढी कुठाय?" आठवडाभरानं त्याचं हसणं थांबलं. एके दिवशी जाळं विणता विणता खालच्या मानेनं म्हणाला, "आता झोपेत काही बोलत नाही ती. काहीच नाही." मग लवकरच दुसऱ्या होडीवर काम धरलं, लांबच्या फेऱ्यांचं.

माझ्याही लक्षात यायला लागलं होतं. बोलायची ती खूप, पण भांडताना तिच्या तोंडी एकही शब्द असा नव्हता जो मी मागच्या अंगणात उच्चारला नव्हता. पाववाल्याला "चालती हो" म्हणाली. चालता हो नाही. कोंबड्यांना म्हणायची, "लाज नाही वाटत?" आणि गळांना आमिष लावताना मोजायची आमच्यासारखं, एक, दोन, तीन. मी एकदा मुद्दाम म्हटलं, "तुमच्या माळावरचं मोज ना गं. यान, टान..." तिनं माझ्याकडे बघितलं. सरळ. "पुढं?" म्हणाली. मला शिकव, अशा सुरात.

मी थीकर आजीकडे गेले. विचारलं, "आजी, वॅफनंच आधी तोंड सोडलं तर?"

आजीच्या सुया थांबल्या. "असं कधी ऐकलं नाही बाई. स्वतःच्या दारात गप्प कोण उभं राहतं?"

आजीच म्हणाली मग, अगदी हळू, "आणि जा म्हटलं की जाणारी..." आणि सुया परत चालू केल्या.

फेब्रुवारीत एका ओहोटीला मी शिंपल्या काढायला खडकावर गेले होते. परतताना दिवस कलला, धुकं आलं. कड्याच्या वाटेवर दगडी भिंत आहे, तिथं कुणी बाई भिंतीकडे तोंड करून उभी होती. ओलीचिंब. निळा घागरा दगडाला चिकटलेला. मला वाटलं, गल्लीतलीच कुणीतरी, पुरुष येतोय समजून थांबलीये. म्हटलं, "अगं, मी आहे, केझाया. वळ की."

"चुकलं हं," ती म्हणाली.

पाठीवरची टोपली कुठं पडली मला कळलं नाही.

ती वळली नाही. भिंतीलाच बोलावं तसं बोलत होती. "केझाया, तुझ्यासाठी ओरडणारच होते गं मी. तोंड उघडलं होतं. पण तिनं आधी बोलायला घेतलं, मग म्हटलं, तिचं होऊ दे. ती म्हणाली, घरी जा. मी केव्हाची शोधतेय. माळावरच्या घरीही जाऊन आले, तिथं मला कुणी ओळखेना. घर कुठलं गं माझं? तुला ठाऊक असेल, म्हणून थांबले."

माझ्या तोंडाचा पट्टा, अवघ्या बंदराला धाक घालणारा. त्या वेळी त्यातून एक अक्षर फुटलं नाही. चल म्हणायचं होतं. हात धरायचा होता. पण मध्ये पडायचं नाही, हा नियम लहानपणापासून हाडांत मुरलेला, आणि चल म्हटलं तर घरात जी बसलीये तिचं काय, आणि ही जर खरंच दुसरीच कुणी असली तर?

तिनं माझं गप्प बसणं ऐकून घेतलं. उत्तर मिळाल्यासारखी मान हलवली. "बरं. तुला उशीर होतोय, जा तू," म्हणाली, आणि मला वाट द्यायला आणखी भिंतीशी सरकली. मी गेले. मागून यान, टान, टेदरा ऐकू येत राहिलं. माझी पावलं मोजत होती की काय, कोण जाणे.

घरी दिवा लागला होता. ती टेबलाशी बसली होती, माझ्या खुर्चीत. "शिंपल्या कुठायत?" म्हणाली.

आता कुणी मला वॅफचा अर्थ विचारला तर मी सुरुवातीला सांगितला तेवढा सांगते. कुणाचा, ते विचारलं तर उठून जाते. रोज संध्याकाळी दिवा लावला की मी दाराची कडी काढून ठेवते आणि गळांना आमिष लावायला बसते. थोड्या वेळानं ती माझ्या खुर्चीतून उठते, दाराशी जाते आणि कडी लावून येते.